आईच्या हातावरचे हिरवे ठिपके

आईच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे ठिपके होते. त्यात नक्षी अशी काही नव्हती. बाकीच्या बायकांच्या हातांवर तुळस असते, विंचू असतो, पाळणा असतो. आईच्या हातावर नुसते ठिपके, कुणाच्या तरी हातून तीळ सांडावेत तसे. लहानपणी दुपारी मी पडवीत तिच्या शेजारी पडून बोटानं ते ठिपके जोडत बसायची. एकदा मोर झाला, एकदा एसटी झाली. आई अर्धवट झोपेत म्हणायची, "गुदगुल्या नको करू." समुद्राकडून वारा यायचा, चिकूच्या वाडीतली पानं हलायची, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांच्या हातांवर असे ठिपके असतातच.

आशागडच्या पुढे आमचा पाडा आहे. आई तिथं आणि आसपासच्या पाड्यांवर गोंदायची. तिच्या मावशीनं तिला शिकवलं होतं. दिव्याचं काजळ, कारल्याच्या पानांचा रस आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, एवढंच तिचं सामान. बाकी दिवस ती भात लावायची, वाडीत चिकू तोडायला जायची. गोंदण्यावर तिचं पोट नव्हतं, पण मान होता. लग्नघरात तिला पाट मिळायचा, आणि चैत्रातल्या जत्रेत ती बसली की बायका बॅटरीच्या मशीनवाल्याला सोडून तिच्यापुढे रांग लावायच्या. मशीनवाला तिच्याकडे बघून बिडी पेटवायचा.

लोक तिच्याकडे यायचे ते तिच्या एका पद्धतीमुळे. पोरी सुई बघितल्याबरोबर रडायला लागतात. आई त्यांना दटावायची नाही, खाऊ देते म्हणायची नाही. सुई काजळात बुडवून आधी स्वतःच्या हाताला टोचायची. एक टक् करून. मग हात पोरीपुढे धरून म्हणायची, "बघ. आधी मना, मग तुना." म्हणजे, आधी मला, मग तुला. पोर तो ताजा ठिपका बघायची, आईच्या तोंडाकडे बघायची. आई हसत असायची. मग पोर मुकाट्यानं हात पुढे करायची. त्याच सुयांनी.

तिच्या हातावरचे ठिपके असे आले होते. एकेका भित्र्या पोरीचा एकेक.

माझ्या हातावर मात्र काही नाही. गोंदणारीची मुलगी आणि कोऱ्या हाताची! मी सात वर्षांची असताना इतकी किंचाळले की आईनं सुया बाजूला ठेवल्या आणि पुन्हा नाव काढलं नाही. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे माझ्यावर राग आला की आई म्हणायची, "वरती गेल्यावर देवाला काय दाखवशील गं? खडू?" कारण मी शिक्षिका. तलासरीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळच्या एसटीनं येते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

डोळ्यांच्या शिबिराची जीप पाड्यावर आली ती २०१६च्या दिवाळीनंतर. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला सगळा पाडा दुधातून दिसायचा. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. "सगळा मऊ दिसते," ती म्हणायची. झाडांच्या कडा गेल्या, माणसांच्या सुरकुत्या गेल्या. मी चाळिशीकडे झुकले होते, पण तिला मी पुन्हा तरुण दिसायला लागले होते, आणि त्याबद्दल माझी काही हरकत नव्हती. समोरून कुणी आलं की ती त्याचा हात हातात घ्यायची, गोंदणावर बोट फिरवायची आणि नाव सांगायची. "हा विंचू माझाच. नांगी वाकडी हाय, तू हललीस तवा." बोटाला ते कसं कळायचं, देव जाणे. मला वाटतं ती आवाजावरून ओळखायची आणि शाबासकी बोटाला द्यायची.

त्या जीपमधून सकाळी गेलेल्या सगळ्या बायका दोन दिवसांनी डोळ्याला पट्टी लावून परत आल्या. आई त्याच संध्याकाळी आली, बिनपट्टीची. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, त्यात काहीतरी निघालं होतं. काविळीची एक जात आहे म्हणाले, आधी तिचं बघा, डोळे नंतर. आई अंगणात बसून पाय धूत होती. तिला वाईट वाटलं होतं ते एवढ्याचंच, की तिथं जेवणात लाडू होता आणि तिला तो न खाता यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात मी तिला डहाणूला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, आणि बरं बोलत होता. म्हणाला, याला हिपॅटायटिस सी म्हणतात. रक्तातून रक्तात जातो. वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आतून यकृत पोखरत राहतो. कधी रक्त चढवलं होतं का? नाही. मोठं ऑपरेशन? नाही. एकच सुई सगळ्यांना वापरणाऱ्या कुणाकडे इंजेक्शनं घेतली होती का? असतील. गोंदवून घेतलंय?

आईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "गोंदवून काय घेते? मीच गोंदते," ती अभिमानानं म्हणाली. डॉक्टरला ते आवडलं. त्यानं विचारलं, कसं गोंदता? आणि आईनं त्याच्या टेबलावरचं पेन उचलून करून दाखवलं. आधी आपल्या हातावर टोक टेकवलं, मग त्याच्या. "आधी मना, मग तुना." डॉक्टर हसता हसता थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथं नारळाच्या झाडाखाली एक माणूस शांतपणे पेरू खात होता.

आईला ते परतीच्या वाटेवर कळलं. टमटम वाड्यांमधून धडधडत चालली होती. तिनं माझा गुडघा धरला. "माझा रगत सुईला लागला आसंल?"

"असेल."

"आन् मंग तीच सुई पोरींना."

 खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं बोलायची ती जागा नव्हती. टमटममध्ये आणखी माणसं होती, एकीच्या मांडीवर कोंबडी होती. आईनं डावा हात पदराखाली घेतला आणि घर येईपर्यंत बाहेर काढला नाही.

नजर गेल्यापासून सुया नुसत्याच फडताळात होत्या, त्या दिवशी त्या देव्हाऱ्यामागे गेल्या. आई दुपारची झोपायला लागली. आधीही झोपायची, पण आता ती झोप लांबत गेली. यकृत थकलं की माणूस पेंगतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मी शाळेतून यायची तेव्हा ती पडवीत चटईवर अशी पडलेली असायची की जागी आहे की झोपलेली ते समजायचं नाही. मग ती मला स्वप्नं सांगायची. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा. धुकं आहे, आणि धुक्यातून हात येतात. लहान लहान हात, कोपरापासून पुढचे, तोंडं दिसत नाहीत. ते सगळे तिच्यापुढे येऊन उताणे होतात. "मी त्यांना सांगते, जावा, आज नाय. ते जात नाय." हे ती इतक्या शांतपणे सांगायची की मलाच घाबरायला व्हायचं. मी उठून चहा टाकायची.

औषध निघालं होतं. अगदी नवीन, गोळ्यांचं, आणि गुण येणारं. पण तेव्हा ते बाहेरून विकत घ्यावं लागायचं. वापीला एका खाजगी डॉक्टरकडे मी चौकशी करून आले. आईला किंमत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "येवढ्यात एक वाडी येल." सरकार लवकरच देणार आहे, असं डहाणूचा डॉक्टर दर खेपेला म्हणायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला ठाऊक आहे, मी स्वतः सरकारी नोकर आहे. पण यकृताला ते ठाऊक नव्हतं. मधल्या काळात कुणीतरी काविळीची माळ आणून दिली. मुळ्यांच्या तुकड्यांची ती माळ गळ्यात घालतात आणि ती आपोआप लांबत जाते. पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. आईची माळ बेंबीपर्यंत आली. मी म्हटलं, दोरा सैल होतो म्हणून लांबते. आई म्हणाली, "तू सगळ्यांचाच दोरा सैल करतेस."

पण खरं सांगायचं तर गोळ्या दुसऱ्या दिवशी फुकट मिळाल्या असत्या तरी आईनं घेतल्या नसत्या. तिचं मन एकाच पोरीत अडकलं होतं.

आमच्या शेजारणीची ही मुलगी. शेजारीण आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यावर आल्या. धाकटी डहाणू गावची कोळीण मासळीची टोपली घेऊन आली की दोघी मिळून एकच वाटा घ्यायच्या आणि डोकं कुणी घ्यायचं यावर भांडायच्या. दोघींच्या अंगणांत कुंपण नव्हतं. आईनं शेवटची गोंदलेली पोर ती ही. तेव्हा ती दहा वर्षांची असेल. आईची नजर आधीच मंदावली होती. मनगटावर झाड काढायचं होतं, आणि पोर इतकी भित्री की आईला स्वतःला एकदा नाही, दोनदा टोचून दाखवावं लागलं. ती मुलगी आता तलासरीच्या पूर्वेला डोंगरातल्या एका गावी दिली होती. नवं नवं लग्न. माहेरी आली की आधी आमच्या पडवीत यायची आणि आईच्या पायाशी बसून चिकू खायची.

आईनं शेजारणीला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, तुझ्या पोरीचा रगत तपासून घे.  शेजारीण म्हणाली, "तपासला आन् निघाला तर? तिच्या सासरी कलला तर? उद्या पोरीला घरी धाडतील. तू गप ऱ्हा."

आई गप्प राहिली, पण तिनं मनाशी एक गाठ मारली. मला म्हणाली, "पोरीचा झाल्याबिगर मी काय घेनार नाय."

मी चिडले. भयंकर चिडले. म्हटलं, तू उपाशी राहिल्यानं तिचं पोट भरणार आहे का? तू मेलीस तर तिचं रक्त शुद्ध होणार आहे का? आई ऐकत होती. तिच्या दुधी डोळ्यांमुळे ती माझ्याकडे बघतेय की माझ्यामागच्या भिंतीकडे, ते कळायचं नाही, आणि भांडणात हा तिचा मोठा फायदा होता. "आजवर सगळ्यात मी पयली," ती म्हणाली. "या खेपेला तिचा पयला." पालथ्या घड्यावर पाणी. मी ताट वाढलं, ती जेवली आणि झोपली.

मला तिचा राग येत होता तो भीतीचा होता. तिचे पाय सुजायला लागले होते. मला ती जायला नको होती, एवढी साधी गोष्ट होती.

२०१८ सरता सरता डॉक्टरनं सांगितलं, आता खरंच आलं. काविळीच्या या जातींसाठी सरकारनं योजना काढली, तपासणी फुकट, गोळ्या फुकट. पण आपल्याकडच्या सरकारी गोष्टी अर्ध्या वाटेवर येऊन थांबतात आणि म्हणतात, उरलेलं तुम्ही चाला. बोटाच्या थेंबावरची पहिली तपासणी इथं होणार होती, पण किट मोजकी यायची. ज्याला निघेल त्यानं दुसऱ्या तपासणीला आणि गोळ्यांना दूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. आमच्या पाड्यावरच्या बाईनं एवढ्या लांब जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची, सोबतीला नवरा न्यायचा, आणि नवऱ्याला कारण सांगायचं. शेवटचं सगळ्यात कठीण.

तेव्हा मला ग्रामसभेचं सुचलं. आमचा भाग पेसा कायद्यातला. आदिवासी भागातल्या गावांना थेट निधी येतो आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. मी आईला म्हटलं, त्या पैशातून जास्तीची किट घ्यायची, जीप करायची, बुडालेली मजुरी द्यायची आणि पाड्यावरच्या सगळ्या गोंदलेल्या बायकांची तपासणी करायची. एकजात सगळ्यांची. आई उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती अशी झटकन उठली. "सगळ्यांची झाली तर एकीचा नाव नाय होनार," ती म्हणाली. मला जे समजावून सांगायला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं, ते तिच्याकडे आधीच होतं.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. विषय दोन होते, रस्त्याला ठोकळे बसवणं आणि लग्नाची भांडी घेणं. भांड्यांना बायकांचाही जोर होता, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मोठी पातेली आणायला दर लग्नात डहाणूपर्यंत जावं लागायचं. मी उठून तपासणीचं मांडलं. ग्रामसेवक, ज्याला आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, डोकं खाजवत म्हणाला, "बाई, हे नियमात बसतं का बघावं लागेल." मी म्हटलं, "नियमात आरोग्य हा शब्द आहे, भाऊसाहेब. भांडी हा शब्द दाखवा." लोक हसले. पण हसले म्हणजे हो म्हणाले असं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आमाला काय धाड भरलीय? कशाला सुया टोचायच्या?"

मग आई उभी राहिली.

मी तिला बोल म्हटलं नव्हतं. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि आवाजांच्या दिशेनं वळली. पदर मागे सारून तिनं डावा हात वर धरला.

"ही कावील माझ्या रगतात हाय," ती म्हणाली. "कवापासून ते ठाव नाय. तुमाला गोंदताना मी आधी मना टोचलाय. तीच सुई मंग तुमाला. कोनाला गेली, कोनाला नाय, ते मना दिसत नाय. बघायचा हाय. मी हाय तवर बघायचा हाय."

 बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी तू आमाला रोग दिलास?"

"दिला आसंल," आई म्हणाली. "नसंल पन."

बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. हे मला अजून दिसतं. इतकी वर्षं ज्या हातांवर त्यांना मिरवायला आवडलं, त्या हातांकडे त्या अशा बघत होत्या जणू ते त्यांच्या मांडीवर दुसऱ्या कुणी आणून ठेवलेत. शेजारीण दाराजवळ बसली होती. ती उठली, चपला पायात अडकवल्या आणि गेली. आईला ते दिसलं नाही, पण ऐकू आलं. ती चाल ती चाळीस वर्षं ओळखत होती.

निधीचा ठराव झाला. भांडी पुढच्या वर्षावर गेली, त्याबद्दल मला अजूनही लग्नात टोमणे ऐकावे लागतात. खाली आणखी एक ओळ घातली, की पाड्यावर यापुढे कुणीही गोंदलं तर माणशी नवी सुई. ती ओळ आईनं सांगितली आणि भाऊसाहेबानं जशीच्या तशी लिहिली.

तपासणीच्या दिवशी आई सकाळपासून समाजमंदिराच्या पडवीत जाऊन बसली. दवाखान्यातली टोचणारी मुलगी टेबलाशी होती, आई तिच्याजवळ खाली. एकेक बाई पुढे यायची, मुलगी सुईचं पाकीट फाडायची. तो बारीकसा आवाज झाला की आई विचारायची, "नवी?" मुलगी म्हणायची, "नवी, मावशी." पुन्हा पाकीट. "नवी?" "नवी, मावशी." ऊन पडवीत सरकत होतं, बायका कुजबुजत होत्या, आणि मध्येच तो पाकीट फाटल्याचा आवाज, वाळलेली शेंग फुटावी तसा. त्या गुंगीत माझाही डोळा लागल्यासारखं झालं. मला वाटलं आईच्या स्वप्नातले हात आले आहेत, आणि या वेळी त्यांना तोंडंही आहेत. शेजारणीची मुलगीही आली होती. गावची तपासणी आहे, सगळ्यांना बोलावलंय, असं सासरी सांगून आली होती, आणि ते खरंच होतं. तिच्या वेळी आईनं "नवी?" दोनदा विचारलं.

बहुतेक बायकांना काही निघालं नाही. ज्यांना निघालं त्यांना डॉक्टरनं एकेकीला आत बोलावून सांगितलं. आईला गावाकडून वाईट बोल ऐकायला लागतील असं मी धरून चालले होते. काही लागलेही. पण ज्यांना काही निघालं नाही त्याच जास्त बोलल्या.

पोरीला निघालं होतं.

शेजारणीनं आमच्याकडे येणं सोडलं. कोळीण आली की ती आपला वाटा वेगळा घ्यायची. दोन अंगणांच्या मध्ये कुंपण नव्हतंच, पण आता त्या जागी ती पाऊल टाकायची नाही, वळसा घालून विहिरीवर जायची. आई पडवीतून तिची चाल ऐकत राहायची. "आज पाय दुखते तिचा," मला सांगायची. जीप मोठ्या दवाखान्यात जाऊन आली तेव्हा आई, ती पोर आणि बाकीच्या बायका एकाच जीपमध्ये होत्या. जाता-येता सगळा रस्ता पोर खिडकीबाहेर बघत होती आणि शेजारीण तिच्या आणि आईच्या मध्ये बसली होती. दुसऱ्यांदा जीप गेली तेव्हा गोळ्या मिळाल्या. पोर तेव्हा माहेरीच राहिली होती. तीन महिने, रोज एक. आईनं तिची बाटली उशाशी ठेवली आणि उघडली नाही. "पोरीनं सुरू केली का?" रोज विचारायची. मला कुठून माहीत असणार?

चार-पाच दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी, दिवा लावायची वेळ होती, ती चाल आमच्या अंगणात ऐकू आली. शेजारीण आत आली नाही, पडवीच्या कडेला उभी राहिली. मागे पोर होती, तिच्या हातात बाटली, तशीच बंद.

"हिला सांग काय ते," शेजारीण म्हणाली. आईला म्हणाली की मला, ते कळलं नाही. तिचा स्वर अजून कडूच होता. "भाताच्या कनगीत लपवून ठेवलीय. कोनी सांगितला, या गोल्या घेतल्या का पोर होत नाय."

डॉक्टरनं सांगितलं होतं ते एवढंच, की औषध चालू असेपर्यंत दिवस जाऊ देऊ नका. पाड्यावर येता येता त्याचं असं झालं होतं. मी शिक्षिकेच्या आवाजात समजवायला सुरुवात केली. तीन महिन्यांनंतर काही अडचण नाही, डॉक्टर खोटं का सांगेल, वगैरे. पोर खाली मान घालून ऐकत होती. बाटली धरलेल्या मनगटावरचं झाड ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत होती. माझ्या शाळेतली पोरं असंच ऐकतात, सगळं ऐकतात आणि काही घेत नाहीत.

"तू थांब जरा," आई मला म्हणाली.

तिनं उशाशी चाचपलं, आपली बाटली काढली. झाकण तिला उघडेना, मी उघडून दिलं. एक गोळी तिनं तळहातावर घेतली आणि तो तळहात पोरीपुढे धरला, दिसावी म्हणून. पडवीत अंधारत आलं होतं. तिला पोर दिसत नव्हती, पण ती पोरीच्या बाजूला बघत हसली, जत्रेत हसायची तसं.

"बघ," ती म्हणाली. "आधी मना."

पाणी नव्हतं. मी उठायच्या आत शेजारीण आमच्या घरात शिरली. आमच्या घरातला तांब्या कुठं असतो ते तिला विचारावं लागत नव्हतं. ती पाणी घेऊन आली आणि आईच्या हातात दिलं, आईची बोटं तांब्याभोवती नीट बसेपर्यंत तिनं तो सोडला नाही. आईनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, मग तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली. पोर हसली आणि लगेच रडायला लागली. रडत रडतच तिनं बाटली उघडली आणि गोळी तोंडात टाकली.

आईला दिसत नव्हतं. म्हणून तिनं हात पुढे केला, तोच डावा, आणि दोन बोटं पोरीच्या गळ्यावर हलकेच टेकवली. आम्ही तिघी थांबलो. शेजारणीनं तांब्या लेकीच्या ओठाला लावला.

आईच्या बोटांखाली गळा हलला.

"गेली," आई म्हणाली.